केमोथेरपीच्या प्रतिसादाचे भाकीत करणारी मेटाबोलाइट चाचणी : एका सेवेचे परीक्षण

मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत कर्करोग पोहोचल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न निघतो तो केमो लागू पडेल का, हा. माझ्या थोरल्या बंधूंचे निदान झाले त्या आठवड्यात आम्हीही तो विचारला, आणि लघवीच्या व रक्ताच्या नमुन्यातील मेटाबोलाइट, म्हणजे चयापचयातून तयार होणारे लहान रेणू, मोजून त्याचे उत्तर देऊ असे सांगणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेची सेवा घेतली. मी जीवरसायनशास्त्र शिकवते आणि रेणू ओळखून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर हे माझे रोजचे यंत्र आहे. त्यामुळे अहवालातील आकडे मला वाचता आले. मात्र ते आपल्याच भावाचे आहेत हे वाचताना क्षणभरही विसरता आले नाही. दादांचे सर्व उपचार पूर्ण झाल्यावरच हे परीक्षण लिहायचे असे मी ठरवले होते. प्रयोगशाळेचे नाव मी देत नाही, कारण अशीच सेवा देणाऱ्या इतरांनाही यातील बहुतेक मुद्दे लागू पडतात.

ही चाचणी नेमकी कशासाठी घ्यावीशी वाटते, ते आधी सांगायला हवे. स्नायूपर्यंत गेलेल्या मूत्राशय-कर्करोगात सिस्प्लाटिन हे औषध असलेली केमोथेरपी देऊन मग मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया करणे हा अनेक वर्षे रुळलेला मार्ग आहे. त्यामागचा एक मोठा आधार म्हणजे अमेरिकेत रुग्णांवर केलेली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेली औषधचाचणी. तिच्यात मेथोट्रेक्सेट, विनब्लास्टिन, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लाटिन ही चार औषधे शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ७७ महिने आले, तर थेट शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे ४६ महिने. केमो घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या मूत्राशयात कर्करोगाचा अंशही सापडला नाही. उरलेल्यांमध्ये काहींना थोडा फायदा झाला, काहींना झाला नाही. पण मूत्रपिंडावरचा ताण, कानांत होणारा आवाज, बोटांची बधिरता आणि शस्त्रक्रियेला लागणारा उशीर हे मात्र सर्वांच्याच वाट्याला येऊ शकते. आपला माणूस कोणत्या गटात आहे हे आधी कळावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि या सेवेची जाहिरात नेमकी त्याच जागी हात घालते.

चाचणीमागची कल्पना भक्कम आहे, हे मी निःसंकोचपणे मान्य करते. कर्कपेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टेट करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते. पेशीतील ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू सिस्प्लाटिनला बांधून निष्प्रभ करते, म्हणून ज्या गाठीत ग्लुटाथायोनची निर्मिती जोरात चालते ती गाठ औषधाला दाद न देण्याची शक्यता वाढते. सिस्प्लाटिनच्या जोडीने आज बहुधा दिले जाणारे जेमसिटाबिन तर पेशीत शिरल्यावर फॉस्फेट जोडले गेल्याशिवाय काम करतच नाही. डीऑक्सिसायटिडिन कायनेज हे विकर (एन्झाइम) ते काम सुरू करते आणि सायटिडिन डीअॅमिनेज हे दुसरे विकर त्याच औषधाची मोडतोड करते. या दोघांच्या ओढाताणीत औषधाचे भवितव्य ठरते. म्हणजेच औषध चालेल की नाही याचे काही धागे पेशीच्या चयापचयातच असतात. शिवाय मूत्राशयातली गाठ दिवसरात्र लघवीतच बुडालेली असते, त्यामुळे तिने सोडलेले रेणू लघवीत शोधावेत हा विचार कोणालाही पटावा असाच आहे. माझी अडचण या विचारापासून रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालापर्यंतच्या वाटेत आहे.

सेवेची पहिली बाजू, म्हणजे नमुना गोळा करण्याची व्यवस्था, उत्तम होती. घरी आलेल्या खोक्यात दोन निर्जंतुक डब्या, रक्तासाठीच्या नळ्या, थंडावा टिकवणारी पाकिटे आणि मोठ्या अक्षरांतले सूचनापत्रक होते. सकाळची पहिली लघवी सोडून द्यावी, दुसरी गोळा करावी, ती लगेच थंड ठेवावी आणि किती वाजता घेतली ते डबीवर लिहावे, हे त्यात नीट समजावले होते. असे करणे गरजेचेच असते, कारण रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीत रेणूंची उलथापालथ होते आणि डबी उन्हात राहिली तर जिवाणू तासाभरातही रचना बदलू लागतात. नमुना पोहोचल्यावर तो कोणत्या तापमानाला पोहोचला, केव्हा अपकेंद्रित केला आणि उणे ८० अंश सेल्सिअसला केव्हा गोठवला, याची नोंद आम्हाला त्याच दिवशी मिळाली. एवढी काटेकोर नोंद मी संशोधनसंस्थांतही नेहमी पाहिलेली नाही. फोनवर बोलणाऱ्या ताईंनी वहिनींच्या प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर दिले, आणि अहवाल सांगितलेल्या दिवशी आला.

अहवालाच्या पहिल्या पानावर अर्धवर्तुळाकार तबकडी होती. तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे होते, काटा लाल पट्ट्यात स्थिरावलेला होता आणि खाली ‘केमोथेरपीला प्रतिसादाची शक्यता : कमी’ असे ठळक अक्षरांत छापले होते. दादांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, “म्हणजे माझ्यावर औषध चालणार नाही, असंच ना?” त्या क्षणी त्यांना माझ्याकडून जे उत्तर हवे होते ते अहवालाच्या चौदा पानांत कुठेही नव्हते. शेवटच्या दोन पानांवर बारीक टाइपात मेटाबोलाइटांची मूळ मूल्ये होती. ती दिल्याबद्दल मी प्रयोगशाळेची आभारी आहे, कारण अनेक कंपन्या केवळ निष्कर्ष देतात आणि त्यामागचे आकडे राखून ठेवतात. मी रात्री ती पाने घेऊन बसले.

पहिलीच गोष्ट खटकली ती अॅसिटेटची. ते फार वाढलेले होते आणि त्याच्या जोडीला ट्रायमिथाइलअमाइनही. लघवीत हे दोन्ही एकत्र वाढलेले दिसले की मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा, कारण ई. कोलायसारखे जिवाणू नेमके हेच रेणू तयार करतात. दादांची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढल्यावर काही दिवस कॅथेटर होता, आणि नमुना घेतला तेव्हा लघवीला जळजळ होतच होती. दुसऱ्या दिवशी केलेल्या कल्चर चाचणीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी प्रतिजैविके दिली, आणि कोर्स संपल्यावर आम्ही दुसरा नमुना पाठवला. प्रयोगशाळेने तो कोणतीही कुरकुर न करता आणि वेगळे शुल्क न आकारता तपासला, हे नोंदवलेच पाहिजे. या वेळी काटा पिवळ्या पट्ट्यात आला. गाठ तीच, माणूस तोच, केमोचा पहिला थेंबही शरीरात गेलेला नव्हता. तरीही ‘कमी’चे ‘मध्यम’ झाले.

दुसरा अहवालही निर्दोष होता असे मला म्हणता येत नाही. त्यात हिप्युरेट पहिल्यापेक्षा बरेच खाली गेलेले होते. हिप्युरेटचा मूळ कच्चा माल बराचसा आतड्यातले जिवाणू वनस्पतिजन्य अन्नातून तयार करतात, आणि मग यकृत व मूत्रपिंडात त्याला ग्लायसिन जोडले जाते. प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू मारले की हिप्युरेट घसरणारच, मग मूत्राशयात काहीही चाललेले असो. भूक मंदावून जेवण तुटले तरी ते घसरते. प्रयोगशाळेच्या गुणांकनात हिप्युरेटला बऱ्यापैकी वजन दिलेले होते. म्हणजे पहिल्या वेळी जंतुसंसर्गाने आणि दुसऱ्या वेळी त्यावरच्या औषधाने काटा हलवला असण्याची शक्यता होती. नमुन्यासोबतच्या अर्जात मात्र जंतुसंसर्ग, कॅथेटर, स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी) किंवा प्रतिजैविके यांविषयी एकही रकाना नव्हता. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांत या चारही गोष्टी इतक्या नेहमीच्या आहेत की त्या न विचारता लघवीची चाचणी करणे मला अक्षम्य वाटते.

आणखी दोन गोष्टी अशाच निसटलेल्या होत्या. लघवी कधी घट्ट तर कधी पातळ असते, म्हणून प्रत्येक मूल्याला क्रिएटिनिनने भागण्याची पद्धत आहे आणि येथेही तीच वापरली होती. परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून येते. आजारपणात वजन आणि स्नायू घटलेल्या माणसाच्या लघवीत ते कमी असते, आणि भागाकाराचा छेद लहान झाला की बाकीची सगळी मूल्ये उगाचच मोठी दिसू लागतात. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. त्यांच्या माहितीपत्रकानुसार गुणांकनाचे गणित ज्या रुग्णांवरून बसवले त्यांचे नमुने गाठ खरवडण्यापूर्वीचे होते. दादांचा नमुना खरवडल्यानंतरचा होता, आणि त्यांच्या शल्यविशारदांनी दिसणारी गाठ जवळपास पूर्ण काढलेली होती. लघवीत रेणू सोडणारी गाठच बहुतांशी गेली होती आणि तिच्या जागी भरत येणारी जखम होती. अशा लघवीला जुने गणित लावणे म्हणजे घर रिकामे झाल्यावर दारावरच्या पाटीवरून आत कोण राहते ते ठरवणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण नमुन्यातले दोष उद्या सुधारता येतील, पण हा दोष चाचणीच्या पायाशी आहे. वर उल्लेखलेल्या २००३ सालच्या चाचणीत केमो न घेता थेट शस्त्रक्रिया झालेल्या गटातही १५ टक्के रुग्णांच्या मूत्राशयात कर्करोग उरलेला नव्हता. त्यांची गाठ बायोप्सीसाठी खरवडतानाच संपूर्ण निघाली होती. प्रयोगशाळेने आपले गणित केवळ केमो घेतलेल्या रुग्णांवर बसवले आहे, आणि शस्त्रक्रियेत कर्करोग न सापडणे यालाच ‘प्रतिसाद’ म्हटले आहे. मग लहान, नीट खरवडता आलेल्या गाठींचे रुग्ण केमोमुळे बरे झाले की त्याआधीच बरे झाले होते, हे त्या गणिताला वेगळे करता येत नाही. आजार सौम्य आहे की उग्र हे सांगणारा जैवसूचक वेगळा आणि अमुक औषधाने फायदा होईल की नाही हे सांगणारा वेगळा. पहिल्या प्रकारचा सूचक रुग्णाला ‘तुमचा आजार कठीण आहे’ एवढेच सांगतो, आणि कठीण आजाराच्या माणसाला केमोची गरज कदाचित इतरांहून अधिकच असते. तोच सूचक दुसऱ्या प्रकारचा म्हणून विकला गेला, तर ज्याला औषध सर्वांत जास्त हवे त्यालाच ते नाकारले जाण्याचा धोका निर्माण होतो. हा फरक ठरवायचा तर केमो घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही गट हाताशी हवेत, आणि सूचकाप्रमाणे केमोच्या फायद्यात फरक पडतो हे दाखवता यायला हवे. माहितीपत्रकात असा दुसरा गट कुठेच नव्हता. शंभराच्या आतले रुग्ण, प्रत्येकाची शेकडो मूल्ये आणि त्यातून निवडलेली मोजकी काही, एवढेच होते. दुसऱ्या रुग्णालयातील नव्या रुग्णांवर गणित तपासून पाहिल्याचाही उल्लेख नव्हता. इतक्या कमी माणसांवर इतकी मूल्ये ताणली की योगायोगाने जुळणारे आकृतिबंध नेहमीच सापडतात.

घरच्यांना हे समजावताना मी वहीच्या मागच्या पानावर एक साधा हिशेब मांडला, तो इथेही देते. समजा, १०० रुग्णांपैकी ४० जणांना केमोचा पूर्ण फायदा होणार आहे आणि ६० जणांना होणार नाही. चाचणी पुष्कळ चांगली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ८० टक्के बरोबर उत्तर देते, असेही धरू. तर ती ६० पैकी ४८ जणांना ‘फायदा नाही’ असे योग्यच सांगेल, पण ४० पैकी ८ जणांनाही चुकून तेच सांगेल. म्हणजे लाल काटा पाहिलेल्या ५६ माणसांत ८ जण, सातांतला एक, असा असेल की ज्याची गाठ औषधाने पूर्ण नाहीशी झाली असती. ‘सातात एक’ हे ऐकल्यावर दादा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मग तो एक मी नाही, हे कोण सांगणार?” प्रत्यक्षात आमच्या चाचणीची अचूकता ८० टक्के आहे हेही कोणी स्वतंत्रपणे सिद्ध केलेले नव्हते.

या क्षेत्रात मेटाबोलाइटांपेक्षा अधिक अभ्यासलेले सूचकही अजून दारातच उभे आहेत, हे वाचकांना ठाऊक असावे. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या ईआरसीसी२ या जनुकातील बदल आणि सिस्प्लाटिनला मिळणारा चांगला प्रतिसाद यांचा संबंध २०१४ साली दाखवला गेला. पुढच्याच वर्षी एटीएम, आरबी१ आणि एफएएनसीसी या जनुकांबद्दलही तसेच निष्कर्ष आले. जनुकांच्या सक्रियतेवरून औषध निवडण्याची कॉक्सेन ही पद्धत तर अमेरिकेत दोनशेहून अधिक रुग्णांवर रीतसर तपासली गेली, आणि २०२१ साली आलेल्या निकालात ती ज्या-त्या औषधयोजनेसाठी स्वतंत्रपणे प्रतिसाद सांगू शकते हे सिद्ध झाले नाही. इतकी शिस्त पाळूनही जिथे उत्तर हुकते, तिथे एका लहान गटावरून काढलेल्या तबकडीने ‘कमी’ असे ठामपणे छापावे हे मला पटत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगात केमो द्यायची की नाही हे केवळ लघवीतल्या मेटाबोलाइटांवरून ठरवा, असे कोणतीही प्रमुख उपचार-मार्गदर्शिका आज सांगत नाही. त्या निर्णयासाठी मूत्रपिंडाची क्षमता, हृदय, श्रवण, नसा आणि एकूण ताकद याच गोष्टी पाहिल्या जातात. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचे माप, मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली असेल तर सिस्प्लाटिन साधारणपणे टाळतात, आणि हे एका साध्या रक्तचाचणीवरून कळते.

आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी दोन्ही अहवाल लक्षपूर्वक वाचले. त्यांनी ते बाजूला सारले नाहीत किंवा आम्हाला बोलही लावला नाही. दादांची मूत्रपिंडे चांगली आहेत, ऐकू नीट येते, ते स्वतःच्या पायांनी चालत आले आहेत, तेव्हा ठरल्या दिवशी पहिले सलाइन लागेल, एवढेच ते म्हणाले. दर २१ दिवसांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या, पहिल्या दिवशी सिस्प्लाटिन व जेमसिटाबिन आणि आठव्या दिवशी पुन्हा जेमसिटाबिन. तिसऱ्या फेरीनंतर बोटांना मुंग्या येऊ लागल्या, त्या अजूनही थोड्या आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत स्नायूत कर्करोग उरलेला नव्हता, वरच्या अस्तरात एक लहानसा ठिपका तेवढा सापडला, आणि काढलेल्या लसीकाग्रंथी सर्व स्वच्छ निघाल्या. यावरून चाचणी खोटी ठरली असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या निकालाने कोणतीही चाचणी खरी किंवा खोटी ठरत नसते, आणि दादांची गाठ खरवडतानाच किती निघाली होती हा प्रश्न तर मीच वर उपस्थित केला आहे. मला चटका लावून गेला तो पहिला अहवाल आल्यानंतरचा आठवडा, ज्यात दादा केमो नकोच म्हणत होते आणि वहिनी रात्र रात्र जाग्या होत्या. दुसऱ्या नमुन्याच्या निकालाची वाट पाहत आम्ही उपचार पुढे ढकलले असते, तर त्याची भरपाई कोणत्याही तबकडीला करता आली नसती.

अशा चाचणीचा उपयोग कुठे होऊ शकेल, याचाही मी विचार केला. मूत्रपिंडाच्या पोकळीत किंवा मूत्रवाहिनीत होणाऱ्या याच जातीच्या कर्करोगात बायोप्सीचा तुकडा अगदी चिमुकला मिळतो, आणि शस्त्रक्रियेत एक मूत्रपिंडच जात असल्याने नंतर सिस्प्लाटिन देण्याइतकी क्षमता बऱ्याच जणांत उरत नाही. तिथे आधी केमो द्यावी की नंतर, हा खरोखर अडलेला प्रश्न आहे आणि गाठीबद्दल लघवीतून मिळणारी कोणतीही विश्वसनीय माहिती तिथे मोलाची ठरेल. केमोच्या फेऱ्या चालू असताना त्याच रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे नमुने ताडून पाहणे हेही मला अधिक आशादायक वाटते, कारण तिथे माणूस स्वतःच स्वतःचा मापदंड असतो. मात्र पसरलेल्या आजारात आता एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांची जोडी पुढे आली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात तिचे मध्यक आयुर्मान ३१.५ महिने, तर केमोचे १६.१ महिने होते. सिस्प्लाटिनच्या रुग्णांवर बसवलेले गुणांकन या नव्या औषधांबद्दल काहीही सांगू शकत नाही, आणि प्रयोगशाळेच्या फोनवर मात्र ‘सर्वच औषधांसाठी उपयुक्त’ असे आम्हाला सांगण्यात आले होते.

नमुन्याची हाताळणी, वेळेचे भान आणि मूळ मूल्ये देण्याचा मोकळेपणा यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देते. तबकडीसाठी एकही देत नाही. ज्या रुग्णाचे उपचार ठरलेले आहेत, आणि ज्याला आपला नमुना संशोधनासाठी द्यायचा आहे, त्याने तो जरूर द्यावा; अहवाल मात्र आधी आपल्या डॉक्टरांच्या हाती जाईल अशी व्यवस्था करून घ्यावी, आणि लघवीला जळजळ असेल, स्टेंट असेल किंवा प्रतिजैविके चालू असतील तर ते डबीबरोबर स्वतःहून लिहून पाठवावे.

हे सारे मुद्दे मी प्रयोगशाळेला सविस्तर पत्राने कळवले. पंधरा दिवसांत उत्तर आले. अर्जात जंतुसंसर्ग, कॅथेटर, स्टेंट आणि प्रतिजैविके यांचे चार नवे रकाने जोडले आहेत, त्याची प्रत त्यांनी सोबत पाठवली. केमो न घेतलेल्या रुग्णांवर हे गणित कधी तपासले आहे का, या माझ्या तिसऱ्या प्रश्नाखाली मात्र त्यांनी काहीच लिहिलेले नाही. तोच प्रश्न मी त्यांना पुन्हा पाठवला आहे.